६२८ कोटी डॉलर आणि एक शब्द

२७ मार्च २०२० रोजी अमेरिकेत एक कायदा झाला. त्याचं लघुनाव 'केअर्स', आकार दोन लाख कोटी डॉलरपेक्षा मोठा. बातम्यांमध्ये त्यातली ठळक कलमं गाजली: प्रौढांना १,२०० डॉलरचा चेक, वाढीव बेकारभत्ता, विमान कंपन्यांना आणि छोट्या धंद्यांना पैसा. याच कायद्याच्या पोटात कलम १८००४ होतं. उच्च शिक्षणासाठी सुमारे १,४०० कोटी डॉलर. त्यातला ९० टक्के भाग एका सूत्रानुसार कॉलेजांना मिळणार होता आणि त्यातला निदान अर्धा कॉलेजांनी स्वतःकडे न ठेवता विद्यार्थ्यांच्या हातात द्यायचा होता. कर्ज नाही, फीमध्ये वळती करणं नाही, सरळ रोख अनुदान. हा अर्धा वाटा भरतो ६२८ कोटी डॉलर.

कशासाठी, तेही कायद्यात लिहिलं होतं. कॉलेज अचानक बंद झाल्यामुळे आलेला खर्च: जेवण, घरभाडं, पुस्तकं, इंटरनेट-लॅपटॉप, दवाखाना, मुलांचं पाळणाघर. आणि कोणाला? तर 'विद्यार्थ्यांना'. एवढंच. विद्यार्थी म्हणजे कोण, हे त्या कलमात कुठेही सांगितलेलं नव्हतं. कदाचित कोणाला गरज वाटली नसेल. जो शिकतो तो विद्यार्थी, यात व्याख्या काय करायची? पण पुढचे चौदा महिने मंत्री, वकील, न्यायाधीश आणि हजारो कॉलेजांचे कारकून या एका शब्दाशी झटापट करत होते.

त्या कारकुनांतली एक मी. मी तेव्हा तिथल्या एका सरकारी विद्यापीठात शिकत होते आणि आठवड्याला वीस तास तिथल्या आर्थिक साहाय्य कार्यालयात काम करत होते. एफ-१ व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर वीस तासांहून जास्त काम करता येत नाही, म्हणून वीस. माझ्या टेबलाबद्दल पुढे येईलच. आधी थोडं मागे जायला हवं, कारण अमेरिकन सरकारने संकटात विद्यार्थ्यांच्या हातावर पैसे ठेवण्याची ही पहिली वेळ नव्हती.

१९२९च्या महामंदीनंतर तीन-चार वर्षांत अमेरिकेतली कॉलेजं रिकामी व्हायला लागली होती. घरात खायची भ्रांत असताना मुलाला कॉलेजात कोण ठेवणार? १९३३च्या अखेरीस मिनेसोटा विद्यापीठात एक प्रयोग झाला. केंद्राच्या मदतनिधीतून गरजू मुलांना कॅम्पसवरच काम द्यायचं आणि त्याचा पगार सरकारने भरायचा. फेब्रुवारी १९३४मध्ये ही योजना देशभर लागू झाली. प्रत्येक कॉलेजाने आपल्या विद्यार्थ्यांपैकी साधारण दहा टक्क्यांना काम द्यावं, महिन्याला सरासरी १५ डॉलर, जास्तीत जास्त २०. १९३५मध्ये रूझवेल्टनी नॅशनल यूथ अॅडमिनिस्ट्रेशन नावाचं खातं काढलं आणि ही योजना त्याच्याकडे गेली. ग्रंथालयात कार्डं लिहिणं, प्रयोगशाळा धुणं, नकाशे काढणं, अशी कामं. पुढे मोठा नाटककार झालेला आर्थर मिलर मिशिगन विद्यापीठात महिन्याला १५ डॉलरवर प्रयोगशाळेतल्या उंदरांना खायला घालत होता. ड्यूक विद्यापीठात कायदा शिकणारा रिचर्ड निक्सन ताशी ३५ सेंट मिळवत होता. कर्मवीर भाऊराव पाटलांची 'कमवा आणि शिका' ज्यांना माहीत आहे, त्यांना ही कल्पना नवी वाटणार नाही. इथे मजुरीचे पैसे सरकार देत होतं, इतकाच फरक.

या खात्याचा टेक्सासचा संचालक होता एक सव्वीस वर्षांचा तरुण, लिंडन जॉन्सन. तो स्वतः सॅन मार्कोसच्या शिक्षक-महाविद्यालयात झाडलोट करून शिकला होता. मधे एक वर्ष शिक्षण थांबवून मेक्सिकन मजुरांच्या मुलांच्या शाळेत त्याने मास्तरकी केली होती. तीस वर्षांनी हाच माणूस अध्यक्ष म्हणून त्याच सॅन मार्कोसच्या कॉलेजात परत गेला आणि ८ नोव्हेंबर १९६५ रोजी तिथे उच्च शिक्षण कायद्यावर सही केली. त्या कायद्याच्या चौथ्या भागात विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या सरकारी मदतीचे नियम आहेत. अमेरिकेत त्याला सगळे 'टायटल फोर' म्हणतात. हे नाव लक्षात ठेवा, कारण २०२०मधलं सगळं भांडण त्याच्याभोवती फिरतं.

१९७२मध्ये या कायद्यात गरीब विद्यार्थ्यांसाठी थेट अनुदान आलं. १९८०मध्ये त्याला सिनेटर क्लेबॉर्न पेल यांचं नाव दिलं गेलं. तीच ही पेल ग्रँट. सत्तरच्या दशकात जास्तीत जास्त पेल ग्रँट मिळाली, तर सरकारी विद्यापीठात राहून शिकण्याचा पाऊण खर्च निघत असे. २०२०पर्यंत तेवढ्यात तिसरा हिस्साही निघेनासा झाला होता. उरलेलं कर्जाने आणि नोकरीने भरायचं. म्हणजे महासाथ आली तेव्हा अमेरिकन विद्यार्थी हा बऱ्याच ठिकाणी आधीच अर्धा नोकरदार होता. कॅफेत, गोदामात, कॉलेजच्याच खानावळीत. मार्चमध्ये वर्ग ऑनलाइन गेले, तसं ते कॅफे बंद झालं आणि ती खानावळही. हार्वर्डने १० मार्चला विद्यार्थ्यांना पाच दिवसांत वसतिगृहं सोडायला सांगितलं, ही बातमी तुम्ही तेव्हा वाचली असेल. हार्वर्डच्या मुलांना निदान जायला बहुधा घर होतं. सगळ्यांना नव्हतं.

आणि १,२०० डॉलरचा चेक? तो यातल्या पुष्कळांना मिळालाच नाही. आई-वडिलांच्या कर-विवरणात 'अवलंबून' म्हणून नाव असलेल्या मुलाला स्वतःचा चेक नव्हता आणि आई-वडिलांना मुलामागे मिळणारे ५०० डॉलर फक्त सतराच्या आतल्या मुलांसाठी होते. एकोणीस वर्षांचा कॉलेजकुमार दोन्हीकडून सुटला. मूल म्हणून मोठा, माणूस म्हणून लहान.

म्हणून कलम १८००४ महत्त्वाचं.

आता वाटणीचं सूत्र. रक्कम ठरवताना ७५ टक्के वजन पेल ग्रँट घेणाऱ्या विद्यार्थ्यांच्या संख्येला, २५ टक्के बाकीच्यांच्या संख्येला. ऐकायला न्याय्य आहे आणि बऱ्याच अंशी होतंही. पण संख्या मोजायची 'पूर्णवेळ समतुल्य' पद्धतीने. म्हणजे अर्धवेळ शिकणारे दोन मिळून साधारण एक. अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजांत बहुसंख्य विद्यार्थी अर्धवेळ असतात, कारण ते दिवसा काम करतात, काहींना मुलंबाळं असतात. सूत्राच्या हिशेबात हे विद्यार्थी अर्धे झाले. त्यांचं घरभाडं काही अर्धं होत नव्हतं. सर्वांत गरीब विद्यार्थी ज्या कॉलेजांत होते, त्यांच्या वाट्याला माणशी कमी पैसे आले ते असे, कोणाच्या दुष्टपणाने नव्हे, एका अपूर्णांकाने. उलट, अगदी चिमुकल्या संस्थांना किमान पाच लाख डॉलर मिळावेत अशी वेगळी तरतूद होती. काही डझन विद्यार्थ्यांच्या शाळांनाही ती लागू झाली. घाईने केलेल्या कायद्यात असं होतं. तो दोनएक आठवड्यांत लिहिला गेला होता, हे विसरून चालणार नाही.

९ एप्रिलला शिक्षणमंत्री बेट्सी डेव्हॉस यांनी विद्यार्थ्यांच्या वाट्याचे पैसे खुले झाल्याचं जाहीर केलं. कॉलेजांना लिहिलेल्या पत्रातला सूर मोकळा होता: कोणाला किती द्यायचं ते तुम्ही ठरवा, सर्वाधिक गरजूंना आधी बघा, कमाल मर्यादा म्हणून पेल ग्रँटची कमाल रक्कम, त्या वर्षी ६,१९५ डॉलर, डोळ्यापुढे ठेवा. कॉलेजांनी एका करारावर सही करायची आणि पैसे उचलायचे. आमच्या कार्यालयात त्या आठवड्यात जी धांदल झाली, ती सांगण्यासारखी नाही. सगळे घरून काम करत होते. ज्या संगणकप्रणालीला वर्षात दोनदा, सत्राच्या सुरुवातीला, पैसे वाटायची सवय होती, तिच्याकडून एप्रिलच्या मध्यावर वाटप करून घ्यायचं होतं.

मग २१ एप्रिल उजाडला.

त्या दिवशी अमेरिकेच्या बातम्यांत एकच कॉलेज होतं, हार्वर्ड. सूत्रानुसार हार्वर्डच्या नावे सुमारे ८६ लाख डॉलर निघाले होते. जवळ ४,००० कोटी डॉलरची गंगाजळी असलेल्या विद्यापीठाला मदत कशाला, म्हणून टीका सुरू झाली आणि पत्रकार परिषदेत ट्रम्प म्हणाले की हार्वर्डने पैसे परत करावेत. तो पैसा छोट्या धंद्यांच्या निधीतला आहे, असा त्यांचा समज दिसत होता. तसं नव्हतं. दुसऱ्या दिवशी हार्वर्डने पैसे घेणार नाही असं सांगितलं. स्टॅनफर्ड, प्रिन्स्टन, येल यांनीही तेच केलं. लोकांना समाधान वाटलं. सबंध निधीच्या मानाने ती रक्कम किरकोळ होती.

त्याच २१ एप्रिलला शिक्षण खात्याने संकेतस्थळावर प्रश्नोत्तरांचं एक पत्रक टाकलं. त्यात लिहिलं होतं की ही अनुदानं फक्त अशा विद्यार्थ्यांना देता येतील जे टायटल फोरखाली मदत मिळवायला पात्र आहेत किंवा होऊ शकतात. पात्रतेच्या अटींची उदाहरणंही दिली होती: अमेरिकन नागरिकत्व किंवा कायम वास्तव्य, वैध सोशल सिक्युरिटी क्रमांक, बारावीचं किंवा समकक्ष प्रमाणपत्र, आणि विद्यार्थी पुरुष असेल तर सैन्यभरतीच्या यादीत नोंदणी.

मी ते शेवटचं वाक्य दोनदा वाचलं होतं. विषाणूमुळे वसतिगृह सोडावं लागलेल्या मुलाला जेवणाचे पैसे द्यायचे की नाही, याचा संबंध त्याने सैन्यभरतीच्या यादीत नाव घातलंय का याच्याशी कसा लागतो? पण टायटल फोरची अट म्हणजे तिचं सगळं शेपूट आलं. आधीचं सरकारी शैक्षणिक कर्ज बुडवलेलं असेल तर बाद. मार्क घसरून प्रगती 'असमाधानकारक' ठरली असेल तर बाद. लहानपणी आई-वडिलांबरोबर बेकायदा आलेली, 'डाका' योजनेखाली तात्पुरतं संरक्षण मिळालेली मुलं बाद. आणि अर्थात परदेशी विद्यार्थी बाद. १३ मार्च २०२०ला, म्हणजे राष्ट्रीय आणीबाणी जाहीर झाली त्या दिवशी, जे पूर्णपणे ऑनलाइन अभ्यासक्रमात होते, तेही बाद. त्यांचं 'कॅम्पस' कुठे बंद झालं होतं, असा तर्क. मुलं सांभाळून ऑनलाइन पदवी करणाऱ्या आणि एप्रिलमध्ये नोकरी गेलेल्या बाईला या तर्काचं उत्तर काय द्यायचं, ते पत्रकात नव्हतं.

खात्याची बाजूही सांगायला हवी. पैसा उच्च शिक्षणाचा आहे, उच्च शिक्षण कायद्यात मदतीला कोण पात्र हे आधीच ठरलेलं आहे, तीच फूटपट्टी इथे लावली, असं त्यांचं म्हणणं. शिवाय १९९६चा एक कायदा आहे, जो बऱ्याच बिगर-नागरिकांना केंद्राचे लाभ द्यायला मनाई करतो. करदात्यांचा पैसा वाटताना काहीतरी रेषा आखावी लागते, हे मलाही मान्य आहे. पण ही रेषा काँग्रेसने आखली नव्हती. कलमात पेल विद्यार्थ्यांचा उल्लेख आहे, ऑनलाइनवाल्यांचा आहे, तो सूत्रासाठी. अनुदान कोणाला, हे सांगताना मात्र साधा 'विद्यार्थी' शब्द वापरला आहे. ज्यांना पाहिजे तिथे अटी घालता येतात त्यांनी इथे घातल्या नाहीत, याचा अर्थ काय घ्यायचा, हा खरा वाद.

मे महिन्यात कॅलिफोर्नियाची कम्युनिटी कॉलेजं न्यायालयात गेली. देशातली ही सर्वांत मोठी कॉलेज-व्यवस्था. त्यांचं म्हणणं होतं की या अटीने आमचे आठ लाखांहून अधिक विद्यार्थी बाहेर पडतात. एवढे कसे? त्यात परदेशी आणि डाकावाले थोडेच. बहुसंख्य नागरिकच होते, पण त्यांनी कधी 'फाफ्सा' भरला नव्हता. फाफ्सा म्हणजे सरकारी मदतीचा अर्ज: तेव्हा त्यात शंभराहून जास्त प्रश्न असत, आई-वडिलांचं कर-विवरण, सगळं. कॅलिफोर्नियात गरीब विद्यार्थ्यांची कम्युनिटी कॉलेजची फी राज्य सरकारच माफ करतं, त्यामुळे हजारो जणांना फाफ्साची गरज पडत नाही. आता कॉलेजाला 'हा पात्र आहे' असं दाखवायचं, तर सर्वांत सोपा पुरावा फाफ्साच.

वॉशिंग्टन राज्यानेही दावा लावला. खात्याने जूनच्या मध्यावर आपल्या पत्रकाला नियमाचं रूप दिलं. त्याच सुमारास, १२ जूनला वॉशिंग्टनमधल्या आणि १७ जूनला कॅलिफोर्नियातल्या केंद्रीय न्यायाधीशांनी आपापल्या दाव्यात अटीला तात्पुरती स्थगिती दिली. जुलैत मॅसॅच्युसेट्समध्येही तसंच झालं. तिन्ही ठिकाणी गाभा एकच: कायद्यात नसलेली अट मंत्रालयाला घालता येत नाही.

पण स्थगिती त्या त्या दाव्यापुरती. त्यामुळे २०२०च्या उन्हाळ्यात अमेरिकेचा एक विचित्र नकाशा तयार झाला. बॉस्टनमधला विद्यार्थी विद्यार्थी होता. तासाभराच्या अंतरावर, राज्याची हद्द ओलांडली की, तोच नव्हता. आणि तोवर बहुतेक कॉलेजांचे पैसे वाटून संपत आले होते. न्यायाला उशीर झाला असं म्हणणं सोपं आहे. दोन महिन्यांत निकाल म्हणजे आपल्या सवयीने विजेचा वेग. भाड्याची तारीख मात्र दर महिन्याच्या एक तारखेलाच येते.

आमच्या कार्यालयात काय चाललं होतं? आमचं राज्य या तिघांत नव्हतं. आम्ही पैशाचे दोन भाग केले होते. एक भाग पेल ग्रँट घेणाऱ्यांना आपोआप, न मागता. दुसऱ्यासाठी अर्ज. अर्ज विद्यार्थ्याच्या खात्यात लॉगिन केल्यावर दिसायचा आणि ज्यांचा फाफ्सा नोंदलेला नाही त्यांना तो दिसायचाच नाही. नकार द्यायची वेळच येणार नाही अशी सोय. संगणकाने केलेला नकार फार सभ्य असतो.

पुणे-नाशिक-औरंगाबादकडची पाच-सहा मुलं मला ओळखत होती. गणेशोत्सवाला आरतीपुरती जमणारी ओळख. त्यांच्यातल्या एकाने एप्रिलच्या शेवटी फोन केला. "ताई, सगळ्यांना तो फॉर्म आलाय म्हणतात. मला दिसतच नाहीये. माझा ब्राउझर गंडलाय का?" मी सांगितलं की ब्राउझर ठीक आहे. तो म्हणाला, "मग राहू दे." आणि मलाच विचारलं, "तुला दिसतो का गं?" मी तो फॉर्म रोज दिवसभर बघत होते, पण या बाजूने. माझ्या स्वतःच्या खात्यात तो मलाही दिसत नव्हता.

२०१९-२० या वर्षी अमेरिकेत भारतातून गेलेले १ लाख ९३ हजार विद्यार्थी होते. त्यांच्याबद्दल इथे एक समज असतो की ती श्रीमंतांची मुलं. काही असतात. बरीचशी घर किंवा शेत तारण ठेवून, बँकेचं कर्ज काढून गेलेली असतात आणि हातखर्च कॅम्पसवरच्या नोकरीतून काढतात, कारण बाहेर काम करायला व्हिसा परवानगी देत नाही. खानावळ बंद, ग्रंथालय बंद, म्हणजे उत्पन्न बंद. केंद्राच्या 'वर्क-स्टडी' योजनेतल्या, म्हणजे त्या १९३४च्या योजनेच्या नातवंडातल्या, मुलांना काम नसतानाही पगार देण्याची मुभा केअर्स कायद्याने कॉलेजांना दिली होती. पण ती योजनाही टायटल फोरचीच. बरं, घरी परत जावं तर भारताने २२ मार्चपासून आंतरराष्ट्रीय विमानं थांबवलेली. 'वंदे भारत'ची पहिली विमानं निघाली ७ मेला. त्यावर कडी म्हणजे ६ जुलैला इमिग्रेशन खात्याने फतवा काढला की ज्यांचे सगळे वर्ग ऑनलाइन असतील त्या परदेशी विद्यार्थ्यांना देशात राहता येणार नाही. हार्वर्ड आणि एमआयटी न्यायालयात गेले आणि आठ दिवसांत, १४ जुलैला, तो मागे घेतला गेला. ते आठ दिवस आम्ही कोणी नीट झोपलो असू असं वाटत नाही.

पात्र असलेल्यांचीही गोष्ट सोपी नव्हती. अर्जात एक रकाना होता: तुम्हाला पैशाची गरज का आहे, थोडक्यात सांगा. थोडक्यात कोणी सांगत नसे. लोक पानभर लिहीत. वडिलांची नोकरी गेली, आई रुग्णालयात साफसफाई करते म्हणून तिच्यापासून वेगळं राहावं लागतंय, गाडीत बसून मॅकडोनाल्डच्या वायफायवर परीक्षा देतोय. आणि शेवटी पुन्हा पुन्हा एकच वाक्य, वेगवेगळ्या शब्दांत: माझ्यापेक्षा जास्त गरजू कोणी असेल तर त्याला द्या. आमच्याकडे जुन्या पुण्यात गरीब मुलं वार लावून जेवत. सोमवारी या घरी, मंगळवारी त्या घरी. पोट भरायचं, पण आठवड्यातून सात वेळा आपली गरज कोणाच्या तरी उंबऱ्यावर उभी करावी लागायची. तो रकाना मला उंबऱ्यासारखाच वाटायचा आणि मी आतल्या बाजूला उभी होते.

त्या रकान्याची खरंच गरज होती का? मला नाही वाटत. जॉर्जिया स्टेट विद्यापीठाने २०११पासून वेगळा मार्ग काढला होता. किरकोळ बाकी राहिली म्हणून दर सत्राला शेकडो मुलांची नावं कमी होत. विद्यापीठाने स्वतःच्या नोंदी तपासल्या, पदवीच्या जवळ आलेली आणि थोड्या पैशांसाठी अडलेली मुलं शोधली आणि त्यांच्या खात्यात परस्पर अनुदान जमा केलं. अर्ज नाही. विद्यार्थ्याला कळायचं ते पैसे भरले गेल्यावर. विद्यापीठाकडे माहिती असतेच. ती विद्यार्थ्याकडून अश्रूंसकट पुन्हा मागायची की नाही, एवढाच प्रश्न असतो. अर्थात नोंदींवर भिस्त ठेवली की नोंदींत नसलेला माणूस निसटतो, हेही खरंच. ज्याच्या वडिलांचा धंदा एप्रिलमध्ये बुडाला, त्याचं दोन वर्षांपूर्वीचं कर-विवरण अजून सुखातच असतं.

आणि चेक. ज्या विद्यार्थ्यांनी बँक खातं जोडलेलं नव्हतं, त्यांना पोस्टाने चेक जायचा. नोंदीतल्या पत्त्यावर. नोंदीतला पत्ता वसतिगृहाचा. वसतिगृह रिकामं, कारण आम्हीच ते रिकामं करायला सांगितलेलं. मेमध्ये परत आलेल्या पाकिटांची थप्पी आमच्या एका सहकाऱ्याने घरी नेली आणि एकेकाला फोन करून नवे पत्ते विचारले. या कामाचा कुठल्याही अहवालात उल्लेख नाही. अहवाल दर काही आठवड्यांनी सरकारला द्यायचा असे: किती पैसे आले, किती पात्र, किती जणांना दिले.

पुढच्या दोन हप्त्यांत बऱ्याच चुका दुरुस्त झाल्या. २७ डिसेंबर २०२०च्या कायद्याने आणखी सुमारे २,२७० कोटी डॉलर आले आणि सूत्र बदललं. आता अर्धवेळ विद्यार्थ्यांची डोकीही मोजली गेली. पूर्ण ऑनलाइन शिकणाऱ्यांना दार उघडलं. मार्च २०२१च्या तिसऱ्या कायद्याने सुमारे ३,९६० कोटी. तिन्ही मिळून साडेसात हजार कोटी डॉलरच्या वर. सॅन मार्कोसच्या त्या झाडूवाल्या पोराने कल्पनाही केली नसेल एवढा. कॉलेजांच्या स्वतःच्या वाट्यातून काहींनी विद्यार्थ्यांची जुनी थकबाकीच पुसली. साउथ कॅरोलायना स्टेट या ऐतिहासिक कृष्णवर्णीय विद्यापीठाने अडीच हजारांहून अधिक विद्यार्थ्यांची ९८ लाख डॉलरची बाकी माफ केली. पैसा मोठा झाला तसे चोरही आले. २०२१च्या उन्हाळ्यात कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजांत यंत्रांनी भरलेले हजारो खोटे प्रवेशअर्ज सापडले. अस्तित्वात नसलेले विद्यार्थी अनुदानाच्या रांगेत उभे होते. वर्षभरापूर्वी अस्तित्वात असलेल्यांना त्या रांगेत उभं राहता येत नव्हतं.

सरकार बदललं होतं. ११ मे २०२१ रोजी नवे शिक्षणमंत्री मिगेल कार्डोना यांनी अंतिम नियम जाहीर केला. त्यात व्याख्या एकदाची आली: १३ मार्च २०२०ला किंवा त्यानंतर जो कोणी संस्थेत शिकत होता, तो विद्यार्थी. नागरिक असो, डाकावाला असो, परदेशी असो. कलमातला मूळ शब्द जिथे होता तिथे परत आला, मधे फक्त चौदा महिने गेले.

ती तारीख भारतातल्या कोणालाही आठवेल. मे २०२१चा दुसरा आठवडा. देशात रोजचे रुग्ण चार लाखांच्या आसपास होते, घराघरात ऑक्सिजनचे आकडे मोजले जात होते आणि अमेरिकेने आठवडाभरापूर्वीच भारतातून येणाऱ्यांवर निर्बंध घातले होते. त्यामुळे गेलं तर परत येता येईल याची खात्री नाही, अशा अवस्थेत सगळी मुलं फोनला चिकटून बसलेली. आमच्या अर्जातून नागरिकत्वाचा प्रश्न काढून टाकला गेला आणि भारतीय मुलांचे अर्ज यायला लागले. कारणाच्या रकान्यात घरभाडं, विमा, फी असं लिहिलेलं. काहींनी पुढे एक ओळ वाढवलेली असायची: वडील रुग्णालयात आहेत, या महिन्यात घरून पैसे येणार नाहीत.

'ब्राउझर गंडलाय का' विचारणाऱ्या मुलाला मी आपणहून फोन केला. म्हटलं, आता फॉर्म दिसेल. त्याने पहिला प्रश्न विचारला तो रकमेचा नव्हता. "ताई, हे घेतलं तर पुढे व्हिसाला अडचण येईल का गं? सरकारी मदत घेतली असं नोंदेल का?" हा प्रश्न त्या आठवड्यात मला चौघांनी विचारला. मी परदेशी विद्यार्थी कार्यालयाकडून उत्तर आणलं, ई-मेल पुढे पाठवला. चौघांपैकी दोघांनी अर्ज केला. त्याने केला नाही.